डोणी कामात हाय

फुलाबायची डोणी बुडालेल्या झाडाच्या खोडावर चढली, ती अशी खट्‌दिशी, की मागं बसलेली फुलाबाय पुढच्या तांदळाच्या पोत्यावर जाऊन आपटली.

"मेलं ते खोड," ती म्हणाली. चैत्रात धरणाचं पाणी उतरतं आणि पाण्याखाली गेलेलं जुनं रान वर येऊन पाण्याच्या वीतभर खाली दडून बसतं. वरून काही दिसत नाही. फुलाबाय ही खोडं ओळखून होती, पण आज वारा चांगला मिळाला म्हणून तिनं वळसा घ्यायचा कंटाळा केला. साठी उलटलेल्या बाईनं असला शहाणपणा करावा, आता काय बोलायचं.

शीड अजून फुगलेलंच होतं आणि डोणीला खोडावर आणखी रेटत होतं. शीड म्हणजे तरी काय, खताची पोती उसवून एकाला एक शिवलेली. तिनं आधी त्याची दोरी सोडली. शीड फडफडत लोंबलं आणि रेटा थांबला. मग वल्हं खोडाला टेकवून तिनं अंगाचा सगळा भार टाकला. डोणी कुरकुरत मागं सरली आणि सुटली.

सुटली ती पाणी घेऊनच. पुढच्या फळ्यांच्या सांध्यातून बारीक धार आत येत होती. फुलाबायनं पोतं ओढून मागं नेलं. वजन मागं गेलं तसं डोणीचं नाक वर उचललं आणि धार मंदावली. डोलकाठीला मधाच्या पोळ्याचं मेण थापून ठेवलेलं असायचं, ही नवऱ्याच्या वेळेपासूनची पद्धत. तिनं ते खरवडलं, तळहातावर मळून मऊ केलं, पदराची चिंधी फाडून तिच्यात गुंडाळलं आणि सांध्यात अंगठ्यानं ठासलं. धार थांबली, पाझर तेवढा राहिला. तो डब्यानं उपसता येण्यासारखा होता.

आता काठ गाठायचा. तिनं शीड परत ताणलं, दोरी पायाच्या अंगठ्याला वेढली, एका हातानं वल्हं धरून दिशा सांभाळली आणि दुसऱ्या हातानं पाणी उपसायला लागली. बरं चाललं होतं. एवढ्यात गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत फोन वाजला.

परशूचा. तिचा मुलगा, गोव्यात फोंड्याला कारखान्यात होता. डोणी खोडावर चढली तेव्हासुद्धा फुलाबाय एवढी घाबरली नव्हती. शिमग्याला घरी आला तेव्हा त्यानं देवापुढं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की एकटीनं डोणी काढायची नाही. काढलीस आणि मला कळलं, तर डोणी विकतो आणि तुला गोव्याला नेतो. गिऱ्हाईकही तयार होतं. गणेशगुडीच्या एका रिसॉर्टवाल्याला ती फाटकाशी ठेवून, आत माती भरून, फुलझाडं लावायची होती. हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी उचलून नेणार होता. धाकलूनं, तिच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं बांधलेली डोणी, आणि तिच्यात झेंडू.

उचलला नाही तर पोरगं घाबरं होणार. तिनं डबा खाली ठेवला आणि फोन कानाला लावला.

"आये, कुठं हायस?"

"कुठं असणार? घरात. चुलीपाशी."

"जेवलीस?"

"व्हय तर."

"फडफड कसली गं येती?"

"धुणं वाळत घातलंय. वारं सुटलंय नव्हं."

इतकं झकास खोटं आपल्याला जमलं याचं तिलाच कौतुक वाटलं.

"आये," तो म्हणाला, "आपल्या घरात रेंज कधीपास्नं आली?"

फुलाबायनं जीभ चावली. गावात फोन लागत नाही. फोनसाठी डोंगर चढायचा, नाहीतर पाण्याच्या मधोमध यायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि ही बाई चुलीपाशी बसून बोलत होती. पायाशी पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. गेली डोणी विकायला, तिला वाटलं, आणि तिला रडूच आलं.

"रेशन आणायला गेलते," ती म्हणाली. "त्या मशीनला अंगठा माझाच लागतो, पोरा. येताना खोडावर चढली."

"फुटली?"

"सांधा गळतोय. मेण लावलंय."

"पोतं मागं घेतलंस?"

"आधी तेच केलं."

"दोरी कशात हाय?"

"पायात."

परशू म्हणाला, "बा आधी खोडाला शिव्या घालायचा. मग पोतं हलवायचा."

"मी बी घातल्या," फुलाबाय म्हणाली. मग तिला राहवेना. "त्या रिसॉर्टवाल्याला काय सांगणार हायस?"

"सांगतो, डोणी कामात हाय." त्याचा आवाज चढला. "आणि एका हातानं काय हाकतीस? फोन खाली ठेव. बंद करू नको, तसाच चालू राहू दे. बोलू नको कायबी. पाणी उपस."

"आणि तू?"

"मी ऐकत बसतो. काठापाशी रेंज जाती. फोन तुटला की समजीन, पोचलीस."