गुणी कोंबड्या

सकाळी हौसाबाईने शेडचं दार उघडलं, तर आत पिसांचा सडा. मुंगसाने पहाटे काही कोंबड्या फाडल्या होत्या आणि उरलेल्या शेजारीच निवांत दाणे टिपत होत्या. भिंतीपलीकडे झोपलेल्या हौसाबाईला एकीचंही ओरडणं ऐकू आलं नव्हतं.

कोंबड्या पुरवणाऱ्या कंपनीचे साहेब आले. "पूर्वी कोंबड्यांना पिंजऱ्याबाहेर सोडलं की त्या एकमेकींना टोचून मारायच्या. म्हणून आम्ही जनुकांतून भांडणच काढून टाकलं. बघा, किती गुणी!"

एक कोंबडी येऊन त्यांच्या पायाशी बसली.

"भांडणाबरोबर भीतीही काढलीत, साहेब," हौसाबाई कडाडली. "मुंगसापुढेही अशीच बसली असेल!"

तिने डालग्याखालची गावठी कोंबडी सोडली. साहेबांनी हात लावताच कोंबडीने रक्त काढलं, शेड डोक्यावर घेतली.

"ही राहील राखणीला. तुमच्या गुणी बाया घेऊन जा!"