ठणठणीत नाय

"भूक लागते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय," मालन म्हणाली.

उत्तर तोंडातून आपसूक गेलं. गिरणी कामगारांच्या संपाला वर्ष उलटलं होतं, आणि परळच्या तिच्या चाळीत हा प्रश्न आजवर एकाच माणसानं विचारला होता. मिलचा जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, रामदास. मालकांच्या वतीनं तो दारोदार फिरायचा आणि उंबऱ्यात उभा राहून बायकांना मोठ्या मायेनं विचारायचा, "वहिनी, भूक लागते का?" बाई हो म्हणाली, की दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला कामावर न्यायला गाडी हजर. चाळीतल्या बायका एकजात नाय म्हणायला शिकल्या होत्या. मालनचा नवरा कुशाबा तर संपाच्या कमिटीत. तिचं नाय सगळ्यांत ठणठणीत.

खरं म्हणजे तिला भुकेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. इतरांची भूक जेवल्यावर शमायची, हिची जेवता जेवता वाढायची. परवा पोरांसाठी झाकून ठेवलेला भात तिनं मोरीत बसून खाल्ला होता. तरी चोळी खांद्यावरून उतरत होती. आपण हावरट झालो, पोरांच्या तोंडचं खाल्लं, या शरमेनं ती अर्धमेली झाली होती.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "एवढ्या वाळलात, घसा सारखा सुकतो म्हणता. मला साखरेच्या आजाराची, मधुमेहाची शंका होती. पण त्या आजारात माणूस खातच सुटतो. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारी रसायनंच कमी पडतात. पोट भरलं तरी मेंदू समजतो, माणूस उपाशी आहे. तुमचं तसं काही नाही ना?"

मालनच्या अंगावर काटा आला. म्हणजे ही हाव नव्हती. आजार होता, त्याला नाव होतं. तिला एकदम रडू फुटेलसं वाटलं. सगळं सांगायला तिनं तोंड उघडलं.

पडद्यापलीकडे बाकावर कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं सारी चाळ ओळखायची. रामदास आपल्या नंबराची वाट बघत बसला होता, कान इकडे लावून.

"नाय डॉक्टर," मालन जरा मोठ्यानंच म्हणाली. "आमच्यात कुणालाच भूक लागत नाय."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला, कागद पुढं ओढला आणि टॉनिक लिहून दिलं.

"गोड आहे. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घ्या," ते म्हणाले. "सपाटून भूक लागेल."