सातवं जोतं

“बाई, समोरची जागा भरली का मायं दार कोनाले दिसनार नाई,” सातव्या घराची केसरबाई घर मिळालं तेव्हाच म्हणाली होती.

हर्षा हसली होती. इंजिनीअर झाल्यावरचं तिचं हे पहिलंच काम. नागभीडजवळ तळ्याकाठी वीस घरं, एकाला एक लागून. प्रत्येकाला एक पक्की खोली आणि दारापुढे रिकामं जोतं. संसार वाढला की त्या जोत्यावर घरच्यांनीच दुसरी खोली बांधायची. कशी बांधायची, ते सांगणारी पुस्तिकाही हर्षानंच लिहिली होती.

“मग तुम्हीपण वाढवा की, आजी.”

“मी एकटी. कोनासाठी वाढवू?”

हर्षानं तिच्याही हातात पुस्तिका ठेवली.

सहा वर्षांनी हर्षा फोटो काढायला आली, कडेवर आठ महिन्यांची लेक घेऊन. एकोणीस जोत्यांवर खोल्या उभ्या होत्या. कुणी भिंतींना पोपटी रंग दिला होता, कुणी खिडकीत किराणा मांडला होता. सहाव्या घरच्या मुखरूभाऊनं तर पोराच्या लग्नाआधीच सुनेची खोली काढून ठेवली होती. प्रत्येक घरी चहा झाला. हर्षाला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सातव्या घराचं जोतं तेवढं रिकामं होतं. दोन्हीकडच्या खोल्या पुढे आल्या होत्या, आणि केसरबाईचं दार बोळीच्या टोकाला असावं तसं आत राहिलं होतं.

“आजी कुठं गेल्या?”

“एटापल्लीले गेली असन, लेकीकडं,” शेजारचा मुखरूभाऊ म्हणाला. “परवापासून दिसली नाई. तशीबी रोज कुठी दिसते?”

हर्षा बोळीत शिरली. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, कडी आतून होती.

लेक झाल्यापासून तिला झोपेतसुद्धा कान उघडे ठेवायची सवय लागली होती. तिनं दाराला कान लावला. आत फरशीवर भांडं घासल्यासारखा आवाज झाला. बारीक. मग पुन्हा.

मुखरूभाऊनं खांद्यानं कडी तोडली. केसरबाई चुलीजवळ पडली होती. पाय वाकडा झालेला, ओठ फुटलेले. हातात पाण्याचा रिकामा गंज. हर्षानं लेकीला खाली बसवून ओंजळीनं पाणी पाजलं. मुखरूभाऊ स्वतःच्या भिंतीकडे बघत उभा राहिला.

“लय आवाज देला वो पोरी,” केसरबाई पुटपुटली. “पन तुयी भिंत पक्की हाय.”

दोन महिन्यांनी ती दवाखान्यातून घरी आली. त्याच दाराआड, एकटीच.

पुस्तिका आता नव्यानं छापली आहे. शेवटच्या पानावर, सिमेंट-रेतीच्या प्रमाणाखाली, हर्षानं एवढंच वाढवलं आहे: ‘पहिली वीट ठेवण्याआधी, तुमच्या भिंतीनं कुणाचं दार झाकलं जाणार ते बघा. आणि हे वाचून झालं की उठा. ते दार आज उघडलं होतं का, जाऊन पाहून या.’