कारण लिहा

मालकांनी अहवालाचा कागद टेबलावरून तिच्याकडे ढकलला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, जे चित्र जावईबापू अकरा मिनिटांत काढतात, त्याला तुम्हाला सत्तेचाळीस मिनिटं लागतात. दवाखान्याची इमारत मी त्यांच्याकडे देतोय. तुम्ही जुन्या नकाशांच्या फायली लावा. या वयात दगदग नको."

या वयात म्हणे. त्या दवाखान्याची पहिल्या भिंतीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत एकेक रेघ तिने काढली होती, दीड वर्ष राबून. जावईबापूंना सासऱ्यांच्या कार्यालयात येऊन पाच महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी एक जिना काढला होता, आणि तोही वर जाऊन भिंतीवर आपटत होता. आत्ताही ते शेजारच्या खुर्चीत नवाकोरा लॅपटॉप उघडून बसले होते आणि चहात बिस्किट बुडवत होते.

बरं, नकाशावरून रंगीत चित्र काढतं कोण, तर मशीन. माणसाने बटण दाबायचं आणि वाट बघायची. पण चार महिन्यांपूर्वी मालकांनी सगळ्यांच्या लॅपटॉपवर मोजणीचं सॉफ्टवेअर बसवलं, कोण किती मंद आहे ते कळायला. एका चित्राला पंधरा मिनिटांच्या वर वेळ गेला की पडद्यावर लाल चौकट यायची. 'वेग कमी आहे. कारण लिहा.'

तिने लिहिलं. फाइल मोठी होती. डोळे दुखत होते. चष्म्याचा नंबर बदलून आणला, दुपारचा चहा सोडला, डबा अर्धा टाकून उठायला लागली. मग कारणं संपली तेव्हा नुसतं 'माफ करा' लिहायला लागली. एकदाच हिंमत करून लिहिलं होतं, 'मशीन हळू चालतं.' ते मालकांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. तीही हसली होती. आज तिला सगळ्यात जास्त चीड त्या आपल्याच हसण्याची येत होती.

कारण आज सकाळी पंख्यातली धूळ काढायला कॉम्प्युटरवाला आला होता, आणि तो सहज बोलून गेला होता. "ताई, तुमचं मशीन दोन कोरचं आहे. म्हणजे शेगड्या दोन. त्यातल्या एकीवर या मोजणीचं आधण कायम चढवलेलं. उरलेल्या एकीवर तुम्ही लग्नघरचा स्वयंपाक करताय. जावईबापूंच्या चार शेगड्या आहेत, आणि त्यांच्यावर नुसता चहा होतो."

तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरली नव्हती. केबिनमध्ये येतानाच ती आपला लॅपटॉप घेऊन आली होती. तिने तो टेबलावर ठेवला.

"सर, एक करा. दवाखान्याचं हेच चित्र दोन्ही मशीनवर लावू. पण माझ्या मशीनवर जावईबापू बसतील आणि त्यांच्या मशीनवर मी."

मालक हसले. "बघा करून. हौस फिटू दे."

जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. दोघांनी एकदमच बटण दाबलं. मग तिने मुद्दाम हाताची घडी घातली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मालक फोनवर काहीतरी वाचत होते. तिच्या जुन्या मशीनचा पंखा दम लागल्यासारखा घरघरायला लागला.

अकराव्या मिनिटाला तिच्या पुढ्यात अख्खा दवाखाना उभा राहिला, पायऱ्यांवरच्या उन्हासकट. मालक उठून आले. चित्र मोठं करून त्यांनी कोपरा न् कोपरा तपासला. चूक सापडेना.

"आज जमलं बुवा तुम्हाला," ते म्हणाले.

जमलं! ओठावर आलेलं तिने गिळलं. अजून चार मिनिटं थांबायचं होतं.

चार मिनिटांनी टण्ण असा आवाज आला आणि जावईबापू खुर्चीत दचकले. त्यांच्यासमोर लाल चौकट आली होती. त्यांनी चहाचा कप घाईघाईने बाजूला ठेवला, पाठ ताठ केली आणि दोनचार बटणं उगाच दाबून बघितली. चौकट हलली नाही.

"मामा, मी तर काही केलंच नाही," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "कारण लिहा म्हणतंय. काय लिहू?"

मालकांनी पडद्याकडे नजर टाकली. काम बत्तीस टक्क्यांवर होतं. त्यांना विचारही करावा लागला नाही.

"लिहा, मशीन मंद आहे. त्यात तुमचा काय दोष?"

जावईबापू दोन बोटांनी ते टाइप करायला लागले.

ती उठली. नव्या लॅपटॉपची वायर तिने भिंतीतून उपटली, त्याचं झाकण लावलं आणि तो बगलेत मारला. टेबलावरची दवाखान्याच्या कागदांची फाइल ओढून घेतली.

"अहो ताई, तो जावईबापूंचा आहे."

"फायली लावायला त्यांना माझा पुरेल."

मालक काही बोलायच्या आत ती दारापर्यंत पोचली होती. तिथून ती वळली. टेबलावर तिच्या नावाचा अहवाल तसाच पडला होता, त्याच्या शेजारी तिचं जुनं मशीन घरघरत होतं, आणि त्यावर सासरा-जावई दोघेही वाकले होते.

"अंगण वाकडंच होतं, सर," ती म्हणाली. "आता तुम्ही नाचा त्यात."