दुसरा गाल

पहिला ठोसा गालावर बसला आणि सुतार खुर्चीसकट खाली पडला.

"ऊठ," पाळक म्हणाले.

तो उठला. तोंडातलं रक्त त्याने रुमालात टिपलं, फरशीवर सांडू दिलं नाही. पाळकांना ते आवडलं.

चर्चच्या माडीवरच्या या खोलीत पाळक लग्नाआधीची शिकवण देत. सहा बैठका, पवित्र शास्त्र, प्रश्न-उत्तरं. बाकीच्या जोडप्यांना एवढं पुरे होई. धाकट्या लेकीच्या स्थळांसाठी मात्र त्यांनी सातवी बैठक ठेवली होती, आणि ती काय असते हे आधी कुणाला सांगत नसत.

कारण थोरली. तिचा नवरा शास्त्राची पानंच्या पानं तोंडपाठ म्हणायचा. प्रार्थनेत त्याचा आवाज सगळ्यात मोठा. तीन महिन्यांत थोरली मोडका जबडा घेऊन माहेरी आली. चार वर्षं झाली, अजून ती एकाच बाजूने चावते. तेव्हापासून पाळकांचा तोंडी परीक्षेवरचा विश्वासच उडाला. माणसाचा राग कळायचा तर त्याला मारूनच बघावं, असं त्यांनी ठरवलं. तरुणपणी ते मुष्टियुद्ध खेळलेले होते, तेव्हा अडचण नव्हती.

पहिल्या स्थळाने उलट ठोसा मारला. दुसऱ्याने खुर्ची उचलली. तिचा पाय अजून डुगडुगतो. दोघांनाही पाळकांनी आशीर्वाद देऊन वाटेला लावलं.

"रंधा मारणारे हात आहेत तुझे. उचल की!" पाळकांनी बरगडीत दुसरा ठोसा हाणला.

सुतार कळवळून वाकला. मग सरळ झाला, हात पाठीमागे बांधून.

"नाही पाळकसाहेब."

"तुझ्यासारख्या भिकारड्याला माझी पोरगी देऊ?"

"तुम्ही म्हणाल तसं."

तिसरा ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पाळकांनी स्वतः ऐकला. रक्ताची धार शर्टावर उतरली. सुताराने डोळे पुसले आणि मुकाट्याने दुसरा गाल पुढे केला.

पाळकांचा हात हवेतच राहिला. त्यांना रडू फुटलं. त्यांनी त्याला छातीशी धरलं, स्वतःचा पांढरा सदरा रक्ताने माखेपर्यंत.

"माफ कर मला, बाळा. एक लेक मी डोळे झाकून दिली होती. घर प्रभूच्या पायावर उभं राहतं, मुठीवर नाही, हे तुला कळलंय."

त्यांनी धाकटीला आत बोलावलं. ती दाराबाहेर ओढणीची टोकं चावत उभी होती. सुताराचं तोंड बघून ती किंचाळली.

"रडू नकोस गं. असा नवरा शोधून सापडायचा नाही," पाळक म्हणाले. "दोघं हात धरून प्रार्थना करा. मी थोरलीला सांगून येतो. आज तिलाही गाढ झोप लागेल."

ते हलक्या पावलांनी जिना उतरले.

धाकटीने ओल्या फडक्याने त्याचं नाक पुसलं. "फार दुखतंय का रे? पप्पा म्हणजे ना... एखादा तरी परत द्यायचास. मी असते तर दिला असता."

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत सुतार ऐकत राहिला. मग उठला आणि दाराला आतून कडी लावली.

"पुरुषावर मी आयुष्यात कधी हात उचललेला नाही," तो म्हणाला.