चालवणाऱ्याची दोरी

नवरा बास मासे पकडायच्या स्पर्धेला निघाला की बोटीच्या इंजिनाची लाल दोरी त्याच्या जॅकेटला मीच अडकवायचे. चालवणारा पाण्यात पडला तर ती सुटून इंजिन बंद पडतं. पुढे त्याचे हात कायमचेच थरथरायला लागले, तसं सुकाणू माझ्याकडे आलं. "दाब की पेडल, ओपल! चर्चला निघालीयस का?" तो शेजारून ओरडला. मी दाबलं. नाक उचलून बोट टेनेसी नदीवर सुसाट सुटली, झोकांड्या खायला लागली. "सुकाणू झोकाच्या उलटं वळव, जरासंच!" कळत होतं, पण पाय उचलेना, हात हलेना. तेवढ्यात इंजिनच बंद पडलं. आमचीच लाट मागून आदळली. इंजिनाची ओढून काढलेली दोरी त्याच्या मुठीत होती. सवयीने मी ती त्यालाच अडकवली होती. "चालवणारी तू आहेस आता," म्हणत त्याने दोरीचा थरथरता आकडा माझ्या जॅकेटपाशी आणला. त्याला जॅकेटची कडी सापडेना. मी हात पुढे केला नाही, त्याची त्यालाच सापडेपर्यंत नदीकडे बघत राहिले.