पायऱ्या नसलेला खेळ

हॉटेलच्या पलंगावर कसरतीच्या तीन खेळांची पत्रकं पसरून भावंडं हमरीतुमरीवर आली होती. लेकाला झोपाळ्यांचा खेळ हवा होता, लेकीला पाण्यातला.

"आई, आता तूच सांग बाई!"

आईने नुकतंच बाबांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. सकाळपासूनची ही पाचवी वेळ. कंबर धरून ती म्हणाली, "जिथे पायऱ्या नसतील, तिथली तिकिटं काढा."

"म्हणजे हा तिसरा? अगं, त्यात नुसती उचलाउचल आहे!"

"चालेल." तिला कुठेतरी अंधारात दोन तास टेकायला मिळालं तरी पुरे होतं.

खेळ सुरू झाला आणि तिचा डोळा लागला. टाळ्यांच्या कडकडाटाने ती दचकून जागी झाली. स्टेजवर एका किडकिडीत बाईने आडदांड गड्याला अलगद खांद्यावर घेतलं होतं. सगळं थिएटर उभं राहिलं होतं.

बाबांचा एकच हात चालायचा. त्यांनी तिचा तळवा ओढून मांडीवर घेतला आणि त्यावर टाळ्या वाजवू लागले.

स्टेजकडे ते बघतच नव्हते.